खारीतली चुकांची वही

मी एक जुनी वही आहे. दोनशे पानांची, लांबट, निळ्या पुठ्ठ्याची, पाठीला लाल कापडी पट्टी असलेली. माझ्या पुठ्ठ्यावर एक चिठ्ठी चिकटवलेली आहे आणि तिच्यावर टाइपरायटरने उमटवलेली अक्षरं आहेत, ‘चुकांची वही’. मित्रांनो, हसू नका. कुणा वहीच्या नशिबी कविता येतात, कुणाच्या नशिबी लोणच्याच्या कृती येतात. माझ्या नशिबी चुका आल्या. सुरुवातीला मलाही लाज वाटायची. कुणी माझ्यावर नाव लिहिताना तोंड वाकडं केलं की वाटायचं, आपण कोरीच राहिलो असतो तर बरं झालं असतं. आता तसं वाटत नाही, आणि ते का, हेच तुम्हाला सांगायचं आहे.

भाईंदर पूर्वेला खारीगावात, पिठाच्या गिरणीच्या बरोबर वर, पहिल्या मजल्यावर दत्ताराम सरांचा टायपिंगचा वर्ग होता. सर मूळचे रत्नागिरीकडचे. अंगावर पांढरा हाफ शर्ट आणि खिशात दोन पेनं, एक निळं, एक लाल. त्यांच्या वर्गात चुकलेलं अक्षर खोडायची बंदी होती. चुकलं की त्याला गोल करायचा आणि ते माझ्यात लिहायचं. माझी पहिली बारा पानं त्या टायपिंगच्या चुकांचीच आहेत. मग टाइपरायटर शिकायला कुणी येईना. सरांनी ती यंत्रं एकेक करून देऊन टाकली आणि दोन हजार एक साली वर्गात सहा कॉम्प्युटर आले. पाटी बदलली, खुर्च्या बदलल्या. माणूस मात्र तोच राहिला, आणि वहीही तीच राहिली.

सरांनी माझ्या तेराव्या पानावर पट्टी ठेवून चार रकाने आखले. तारीख, नाव, काय चुकलं, कसं सुटलं. मग मला भोक पाडून सुतळी ओवली आणि तीन नंबर आणि चार नंबरच्या कॉम्प्युटरच्या मधे भिंतीतल्या खिळ्याला टांगलं. शेजारी दोऱ्याला बांधलेलं एक पेन. भिंतीवर सरांनी नियम लिहिला, ‘आधी चूक लिहा, मग हाक मारा.’ म्हणजे प्रोग्रॅम अडला की लगेच ‘सर, सर’ करायचं नाही. काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, हे आधी माझ्यात लिहायचं. मग सरांना हाक मारायची. सर यायचे, माझं पान वरपासून खालपर्यंत बोट ठेवून वाचायचे, आणि मगच कॉम्प्युटरकडे बघायचे. गंमत म्हणजे निम्मे लोक लिहितालिहिताच ‘अरे हो की!’ म्हणायचे आणि सरांना हाक मारायची वेळच यायची नाही. तेव्हा मला फार बरं वाटायचं. चवथा रकाना भरला की माझं पोट भरायचं.

खालची गिरणी सुरू झाली की भिंत थरथरायची आणि मी खिळ्यावर हलायची. तशी हलत हलत मी सगळा वर्ग बघितला. तिथं खिडकीचे प्रोग्रॅम शिकवत. खिडकीचे म्हणजे काय, तर पडद्यावर एक चौकट उघडते, तिच्यात लिहायला खाने असतात, खाली एक बटण असतं, आणि बटण दाबल्यावर काहीतरी घडायला पाहिजे. नव्या माणसाच्या हातून ते कधीच पहिल्यांदा घडत नाही. स्टेशनरीच्या दुकानातले यतीनभाई एकदा तावातावाने लिहून गेले, ‘दोन आणि तीन मिळवले, उत्तर तेवीस आलं. मशीन खराब आहे.’ मशीन खराब नव्हतं. खान्यात लिहिलेलं सगळं काही ते अक्षरं समजतं आणि अक्षरं मिळवायची म्हणजे एकापुढे एक चिकटवायची. ‘हा आकडा आहे’ असं त्याला आधी सांगावं लागतं. यतीनभाईंनी कपाळाला हात लावला आणि चवथा रकाना भरला. दिव्या नावाच्या मुलीने आधी बटणासाठी सूचना लिहिल्या आणि मग बटणाचं नाव बदललं. नवं बटण कितीही दाबलं तरी हूं की चूं करेना, कारण सूचना बिचाऱ्या जुन्या नावाच्या बटणाची वाट बघत बसल्या होत्या. कुणाचा प्रोग्रॅम एकाच जागी गरगर फिरत राहायचा आणि कॉम्प्युटर बंद करावा लागायचा, आणि तासाभराचं काम साठवलेलं नसायचं. ‘चालवण्याआधी सेव्ह करा’ हे वाक्य माझ्यात एकोणीस वेळा लिहिलेलं आहे. एकोणीस वेगवेगळ्या हातांनी.

पण मित्रांनो, माझा जीव जडला तो एका हातावर. तो हात शालूचा.

शालू खाडीकडच्या मुर्धा गावची. वडील होडीवर, आई मासळी विकायची. ती भाईंदर पश्चिमेला नीलम मॅडमच्या दवाखान्यात कामाला होती. मॅडम लहान मुलांच्या डॉक्टर. शालूचं काम दाराशी स्टुलावर बसून नंबर पुकारायचं, आणि दवाखाना उघडण्याआधी लादी पुसायचं. मॅडमनी दवाखान्यात कॉम्प्युटर घेतला होता, पण त्याच्यावर नुसतं कापड टाकलेलं असायचं. शालूने एके दिवशी स्वतःहून विचारलं, की लसीसाठी कुठलं मूल कुठल्या तारखेला यायचं आहे, ही यादी यातून काढता आली तर? मॅडम म्हणाल्या, ‘काढून दाखव. बरोबर निघाली तर कॉम्प्युटर तुझ्या ताब्यात. स्टूल आणि लादीला दुसरी बाई बघेन.’

एवढ्यासाठी ती दुपारच्या सुट्टीत मुर्ध्याहून नाही, थेट दवाखान्यातून पूल ओलांडून खारीत यायची. तिचं अक्षर मोठं, गोल, थोडं उजवीकडे पडणारं. आणि ती माझ्यात इतकं नीट लिहायची की मला स्वतःचा अभिमान वाटायचा. दुसरे लिहायचे, ‘चालत नाही.’ काय चालत नाही, कधीपासून, काही पत्ता नाही. शालू लिहायची, ‘बटण एकदा दाबलं तर नाव एकदा दिसतं. दुसऱ्यांदा दाबलं तर दोनदा दिसतं. आधीची यादी पुसायची राहिली असं वाटतं.’ सर वाचून म्हणायचे, ‘बाई, तू प्रश्नातच उत्तर लिहून ठेवतेस.’

तिने चुकाही भारी केल्या. पहिल्यांदा फ्लॉपीवर प्रोग्रॅम घेऊन दवाखान्यात गेली आणि तिथं काहीच उघडेना. झालं असं होतं, की प्रोजेक्टच्या नावाची एकच फाईल तिने उचलली होती. त्या फाईलमध्ये नुसती इतर फाईलींची नावं असतात. खिडकी, बटणं, खाने वेगळ्या फाईलींत असतात आणि ते सगळं खारीतच राहिलं होतं. तिने येऊन लिहिलं, ‘मी घराची पाटी नेली, घर इथंच राहिलं.’ त्या दिवशी सर इतके हसले की खालून गिरणीवाला बघायला वर आला.

आता माझ्या सत्त्याऐंशीव्या पानाकडे या. तारीख सत्तावीस मे, दोन हजार तीन. नाव शालू. तिसऱ्या रकान्यात तिने लिहिलं आहे :

‘जूनची यादी. इथल्या मशीनवर सगळी नावं बरोबर येतात. दवाखान्यातल्या मशीनवर त्याच तारखा टाकल्या तर चुकतात. एरर येत नाही. एक ते बारा जूनची मुलं यादीत येतच नाहीत. तेरा जूनपासून पुढची सगळी बरोबर येतात. सहा जूनचा एक मुलगा मात्र बरोबर आला, तो कसा ते कळत नाही.’

त्या दुपारी गिरणीमुळे वीज सारखी ये-जा करत होती. दोन कॉम्प्युटर बंद पडले होते आणि सर टेबलाखाली वायर धरून बसले होते. शालूने नियमाप्रमाणे आधी लिहिलं, मग हाक मारली.

‘सर, पान लिवलंय. बघता का?’

‘काय झालं? प्रोग्रॅम चालतोय ना?’

‘चालतो हाय. पन तिकडं नावं चुकतात.’

‘आणि इथं?’

‘इथं बरोबर येतात.’

‘मग प्रोग्रॅम बरोबर आहे. तिकडे तारखा टाकताना तू चुकलीस.’

‘मी तीनदा बघितल्यात, सर. पान वाचा तरी. मॅडमना एक तारखेला यादी पायजे.’

सर टेबलाखालून बाहेर आले. हाताला धूळ, कपाळाला घाम. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. ‘शालू, एकच प्रोग्रॅम इथं एक आणि तिथं एक असं वागत नसतो. घाई आपण करायची आणि नावं मशीनला ठेवायची, हे बरं नाही. जा, नीट टाकून बघ.’

वर्गात सातजण होते. कुणीतरी खुदकन हसलं. शालूने दोऱ्याचं पेन माझ्या कडेला व्यवस्थित खोचून ठेवलं, पिशवी उचलली आणि ती जिना उतरून गेली. चवथा रकाना कोराच राहिला.

ती दुसऱ्या दिवशी आली नाही. एक तारखेलाही नाही. मी खिळ्यावरून दार बघत राहिले. पावलं वाजली की वाटायचं, हीच. पण यतीनभाई यायचे, नाहीतर दिव्या. माझी पानं पुढे भरत गेली, अठ्ठ्याऐंशी, नव्वद, शंभर. कुणी पान उलटताना सत्त्याऐंशीवर क्षणभर थांबलं की मला वाटायचं, बाबा रे, वाच. सगळं तिथं लिहिलेलं आहे. एक ते बारा. सहा जून. पण वहीला तोंड नसतं. माझ्यात लिहिलेलं कुणी वाचलं तरच मी बोलते.

दोन हजार चार साली सातवा कॉम्प्युटर आला. सर नेहमीच्या घाईत होते, त्यांनी तो तसाच चालू करून दिला. चारच दिवसांत एका मुलीने लिहिलं, ‘पाच फेब्रुवारी टाकली तर मशीन दोन मे समजतं.’ सरांनी बोट ठेवून वाचलं. ते बोट तिथंच थांबलं. मग त्यांनी माझी पानं मागे उलटायला सुरुवात केली, भराभर, आणि सत्त्याऐंशीवर येऊन थांबले.

मित्रांनो, गोष्ट साधी होती. नवा कॉम्प्युटर अमेरिकन पद्धतीने तारीख वाचतो, आणि दवाखान्यातलाही तसाच वाचत होता. त्यांच्याकडे आधी महिना, मग दिवस. आपण पाच जून म्हणून पाच आणि सहा लिहिलं, तर तो त्याला मे महिन्याची सहा तारीख समजतो. तेरा लिहिलं की मात्र तो अडतो, कारण तेरावा महिना नसतो. मग नाइलाजाने तो आपल्यासारखं वाचतो. आणि सहा जून कसाही वाचा, सहाच जून. म्हणून तो एक मुलगा वाट न चुकता यादीत आला होता. पहिले सहा कॉम्प्युटर ज्या दिवशी वर्गात आले, त्याच दिवशी सरांनी स्वतःच्या हाताने त्यांची तारखेची पद्धत बदलून ठेवली होती. आपल्याकडची करून. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. शिकणाऱ्यांना कशाला त्रास, असं त्यांना वाटलं होतं. आणि मी तरी काय? माझ्या प्रत्येक पानावर तारीख आहे, आधी दिवस, मग महिना. जगात दुसरी रीत असेल हे मलाही ठाऊक नव्हतं.

अनसूयाबाई, म्हणजे सरांच्या पत्नी, दुपारचा डबा घेऊन आल्या तेव्हा सर माझ्यासमोर उभेच होते.

‘जेवताय ना?’

‘ती मुर्ध्याची मुलगी बरोबर होती गं. मी तिला सगळ्यांसमोर बोललो. पान वाचलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं.’

‘मग जाऊन सांगा ना तिला. दवाखाना काय लांब आहे?’

‘जातो. उद्या जातो.’

तुम्हाला वाटेल, गेले असतील. नाही गेले. एकदा पुलापर्यंत जाऊन परत आले, हे मला अनसूयाबाईंच्या बोलण्यातून कळलं. साऱ्या वर्गाला ‘हाक मारा, हाक मारा’ सांगणारा हा माणूस, पण त्याच्या तोंडून एक हाक निघेना. मला त्यांचा राग आला. खरं सांगते, फार राग आला. तरी एक गोष्ट त्यांनी केली. एका विद्यार्थ्याने उत्तर कळल्यावर शालूचा रकाना भरायला पेन उचललं, तेव्हा सर म्हणाले, ‘ते पान सोड. ते तिचं आहे. तीच लिहील.’ आणि मग आम्ही दोघंही वाट बघत राहिलो, ते आपल्या खुर्चीत, मी माझ्या खिळ्यावर. पाच वर्षं.

दरम्यान आसपास मोठे एसीवाले वर्ग निघाले. आमच्याकडची खिडक्यांची विद्याही जुनी झाली. एकेक खुर्ची रिकामी होत गेली. मला कुणी हात लावेना. गिरणीच्या पिठाचा पातळ थर माझ्यावर बसला आणि दोऱ्याचं पेन वाळून गेलं. दोन हजार नऊच्या मार्चमध्ये सरांनी वर्ग बंद करायचं ठरवलं. रद्दीवाला गोणी घेऊन दारात उभा होता. अनसूयाबाईंनी मला खिळ्यावरून काढलं, पदराने पुसलं आणि सरांपुढे ठेवलं. ‘हिचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा,’ म्हणाल्या.

सरांनी रद्दीवाल्याला थांबायला सांगितलं. मग खिशातलं निळं पेन काढलं, लाल नाही, आणि सत्त्याऐंशीव्या पानावर, शालूच्या ओळींखाली, विद्यार्थी लिहितात तशी एक नोंद केली. तारीख. नाव, दत्ताराम. काय चुकलं : ‘शालूने चूक लिहून हाक मारली. मी पान न वाचता तिलाच चूक ठरवलं.’ चवथा रकाना त्यांनी कोरा सोडला. मग त्यांनी दवाखान्याला फोन लावला. आठ वर्षं भिंतीवर लिहिलेला नियम, पण तो स्वतः पाळताना मी त्यांना पहिल्यांदा बघितलं.

शालू दुसऱ्या दिवशी दुपारी आली. अंगाने थोडी भरली होती, केस मागे बांधलेले. रिकाम्या वर्गात सर आणि अनसूयाबाई दोघंच होते. सरांनी मला तिच्यापुढे धरलं. तिने तिची नोंद वाचली, मग सरांची वाचली. बराच वेळ वाचली.

‘कसं सुटलं होतं गं?’ सरांनी हळूच विचारलं. ‘सुटलं होतं ना?’

‘सुटलं, सर. पन चार महिने गेले. जूनला मॅडमनी यादी बंद केली, मी परत स्टुलावर. मग मी तीन खाने केले. दिवसाचा येगला, महिन्याचा येगला, सालाचा येगला. मशीनने तारीख कशी वाचायची ते मशीनवर सोडलंच न्हाय. दसऱ्याला मॅडमनी कॉम्प्युटर दिला माझ्या ताब्यात. अजून तोच प्रोग्रॅम चालतोय.’

‘म्हणजे माझ्याहून बरं उत्तर काढलंस तू,’ सर म्हणाले. ‘मग लिहायला का नाही आलीस?’

ती माझ्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवत होती. ‘यायचं होतं. एकदा खाली गिरनीपर्यंत आले बी होते. पन वाटलं, लिवलं तरी वाचनार कोन? मला पुढचं शिकायचं होतं, सर. ते राहून गेलं. नोकरी मिळाली, पन वर्ग गेला माझा.’

सरांनी खिशातलं निळं पेन काढलं. अनसूयाबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. मग शालूने सरांच्या हातातलं पेन घेतलं आणि सहा वर्षं कोऱ्या राहिलेल्या माझ्या रकान्यात लिहिलं, ‘दिवस, महिना, साल यांचे तीन वेगळे खाने केले.’ अक्षर तेच, मोठं, गोल, उजवीकडे पडणारं. मित्रांनो, त्या वेळी गिरणी बंद होती, तरी मी थरथरले.

‘आणि माझा रकाना?’ सरांनी विचारलं.

‘तो आज न्हाय भरत,’ ती म्हणाली. ‘वही मी नेऊ का?’

आता मी नीलम मॅडमच्या दवाखान्यात, शालूच्या कॉम्प्युटरशेजारी टांगलेली असते. इथं गिरणी नाही, मुलांचं रडणं आहे. गेल्या महिन्यात एका बुधवारी दुपारी सर आले. हातात पिशवी, तिच्यात पुढच्या धड्यांची पुस्तकं. बाकड्यावर आयांच्या रांगेत आपला नंबर असल्यासारखे बसून राहिले. शालूने माझ्यात एक नवी चूक लिहिली होती, एका घरातली जुळी मुलं, दोघांची जन्मतारीख एकच, आणि प्रोग्रॅम एकालाच दाखवत होता. तिने बाकड्याकडे बघून हाक मारली, ‘सर, पान लिवलंय.’

सर उठले. चष्मा लावला. पडद्याकडे त्यांनी बघितलं नाही. माझ्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि ते बोट शेवटच्या शब्दापर्यंत सावकाश गेलं. मग परत पहिल्यापासून. त्यांचं वाचून झालं तेव्हा तिने माझी पानं मागे उलटली, सत्त्याऐंशीवर आली आणि सरांच्या नावापुढच्या कोऱ्या रकान्यात लिहिलं, ‘आज पूर्ण पान वाचलं. दोनदा.’

मित्रांनो, माझी अजून चाळीस पानं कोरी आहेत. ती भरतील, चुकांचा तुटवडा या जगात कधी पडत नाही. तुमच्याकडून चूक झाली तर खोडू नका, नीट लिहून ठेवा. आणि कुणी तुमच्याकडे चूक लिहून घेऊन आलं, तर हातातली वायर खाली ठेवा आणि आधी वाचा. पाच मिनिटं लागतात. मी सहा वर्षं वाट बघितली आहे, म्हणून सांगते.